दुखून राहिलं

वक्त्याचा परिचय वक्त्याच्या भाषणापेक्षा लांबला की खुशाल समजावं, आपण तालुक्याच्या गावी आलो आहोत. साल २०४१ उजाडलं तरी यात काही फरक पडलेला नव्हता. सावरबोडीच्या सार्वजनिक वाचनालयात हिवाळी व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प दुपारी चारला गुंफलं जायचं होतं. साडेचार वाजले तरी वाचनालयाचे सचिव बोंदरे सर वक्त्या प्रणाली बारापात्रे यांच्या चौथीतल्या स्कॉलरशिपपर्यंतच पोहोचले होते. ‘प्रणालीबाई आज आपल्याला प्रणाली समजावून सांगतील’ हा विनोद त्यांनी दोनदा केला. दोन्ही वेळा हसले ते एकटेच.

फळ्यावर विषय लिहिला होता : ‘यंत्र सगळ्यांचं – डिजिटल समता आणि आपण’. प्रणालीचं हे एकेचाळिसावं व्याख्यान. एरवी परिचय चालू असताना ती श्रोत्यांचे चेहरे न्याहाळायची. आज तिचं लक्ष शेजारच्या काळ्या स्पीकरकडे जात होतं. तो स्पीकर तिच्या सख्ख्या भावानं, हेमराजनं, सकाळी उचलून ठेवला होता. हेमराजचा गावात मंडप-साउंडचा धंदा. बहिणीचं भाषण म्हणून कामावरचा माणूस न पाठवता स्वतः आला, दोन मोठे स्पीकर पायऱ्यांवरून चढवले आणि मग तिथंच छातीवर हात धरून बसला.

वनिता वैनीनं त्याला घरी नेलं आणि कंठसेवेला, म्हणजे फोनवर बोलणं ऐकून आजार ओळखणाऱ्या यंत्राला, फोन लावायला लावला. उत्तर आलं, हिरवा, म्हणजे काळजी नको. वैनीनं तरी प्रणालीला विचारलंच, “दवाखान्यात नेऊ का वं बाई? मले काई बरं वाटून नाई राहिलं.” आणि प्रणालीनं तिची समजूत काढली, “वहिनी, हिरवा आलाय ना? मग काही नाही. झोपू द्या त्याला, संध्याकाळपर्यंत उठवू नका.” स्वतः ज्या यंत्रासाठी सात वर्षं घातली त्याच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवायचा? तरी सारखं मनात काहीतरी कुरतडत होतंच.

अखेर परिचय संपला. शाल झाली, श्रीफळ झालं. प्रणाली माइकपुढे आली आणि नेहमीच्या स्वच्छ, मोजक्या मराठीत बोलू लागली. पुण्यात वीस वर्षं काढून तिनं ती मराठी कमावली होती.

कंठसेवा म्हणजे काय, हे ती सोपं करून सांगायची. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या गळ्यातल्या दोन पातळ पट्ट्या सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरतात. हृदय थकलं, फुप्फुसात पाणी साचलं, रक्तातली साखर घसरली की त्या थरथरीची लय किंचित बिघडते. दोन शब्दांमधला श्वास केसभर लांबतो. आपल्या कानाला हे कळत नाही, यंत्राला कळतं. कंठसेवेला असे दोन कान आहेत. एक आवाज ऐकतो, दुसरा शब्द ऐकतो. दोन्हींचा मेळ घालून ते वीस सेकंदांत सांगतं : हिरवा म्हणजे विश्रांती, पिवळा म्हणजे उद्या तपासणी, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. डॉक्टर कमी आणि रोगी फार, तिथं हे वरदानच होतं. ग्रामीण रुग्णालयात हृदयाची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुलूपबंद कपाटात असे. लाल आला की कपाट आपोआप उघडे, मग नर्ससुद्धा ते देऊ शके. लाल नाही तर कपाट नाही. गैरवापर टाळायचा म्हणून हा कडक नियम होता. रोग्यानं स्वतः बोलायचं, हाही त्याच नियमाचा भाग.

या जिल्ह्यात महिन्यापूर्वी प्रयोग म्हणून रोग्यांचे फोन घेणारं माणसांचं टेबल बंद झालं होतं. आता फोन उचलायला फक्त यंत्र. सोमवारी राज्याची समिती सगळ्याच जिल्ह्यांचा निर्णय करणार होती. ‘लोकांनी यंत्र स्वीकारलं’ याचा पुरावा म्हणून प्रणालीच्या व्याख्यानांची चित्रणं समितीपुढे जायची होती आणि आजचं चित्रण शेवटचं होतं.

“आता एक प्रात्यक्षिक,” ती म्हणाली. “कोण येतंय?”

वाचनालयाच्या शिपाई भागरताबाईंना लोकांनी ढकलून पुढे पाठवलं. त्या पदरानं तोंड झाकत व्यासपीठावर चढल्या. प्रणालीनं समजावलं की प्रात्यक्षिकापुरता यंत्राचा आवाज ओळखणारा कान बंद आहे. नाहीतर ठणठणीत माणसाला लाल कसा मिळायचा? फक्त शब्द ऐकले जातील, खरी रुग्णवाहिका निघणार नाही की कपाट उघडणार नाही, आणि यंत्राला काय समजलं ते मागच्या पडद्यावर दिसेल. हृदयविकाराचा झटका आलाय असं समजून बोला.

भागरताबाई माइकला वाकून म्हणाल्या, “पाहा जी, छातीत दुखून राहिलं. दम लागून राहिला.”

“म्हणजे छातीत दुखतंय, दम लागतोय,” प्रणाली मागच्या रांगांकडे बघत म्हणाली.

स्पीकरमधून गोड आवाज आला, “लाल. रुग्णवाहिका निघाली आहे.” टाळ्या पडल्या. भागरताबाई आपणच परीक्षेत पास झाल्यासारख्या खाली उतरू लागल्या.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक सडसडीत बाई उठली. कुंदाताई नंदनवार. महिन्यापूर्वीपर्यंत जिल्ह्याच्या टेबलावर बसून अकरा वर्षं फोन उचलणारी बाई.

“भागरता, थांब जरा,” त्या म्हणाल्या. “अन् बाई, तुमाले एक विनंती हाय जी. पुन्हा एकदा होऊ द्या. यावेळी मंधात तुमी बोलू नोका.”

सभागृहात कुजबूज झाली. बोंदरे सर घड्याळ दाखवू लागले. नाही म्हणायला कारण नव्हतं. प्रणालीनं हसून मान हलवली आणि तोंड मिटून बाजूला उभी राहिली.

भागरताबाईंनी तेच शब्द, त्याच चालीत म्हटले. छातीत दुखून राहिलं. दम लागून राहिला.

“हिरवा,” यंत्र म्हणालं. “तुमचा त्रास थांबला हे ऐकून बरं वाटलं. विश्रांती घ्या.”

कोणी हसलं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली होती : ‘दुखून राहिले – दुखणे होऊन गेले, आता नाही.’ प्रणालीनं ती दोनदा वाचली.

गंमत बघा, चूक म्हणावी तर केवढीशी. पुण्याकडे ‘ताप यायचा राहिला’ म्हणजे ताप थांबला. ‘राहिलं’ म्हणजे थांबलं, मागं पडलं, उरकलं. यंत्र ज्या पुस्तकांवर, बातम्यांवर आणि कॉलेजच्या पोरांनी वाचून दाखवलेल्या वाक्यांवर शिकलं, तिथं ‘राहिलं’चा कल तोच. आणि इकडे वैनगंगेच्या काठी माणूस जेवून राहिला म्हणजे त्याचा घास अजून तोंडात आहे. पाऊस येऊन राहिला म्हणजे छत्री उघडा. दुखून राहिलं म्हणजे आत्ता, या घटकेला, दुखतंय. अर्ध्या विदर्भाचा वर्तमानकाळ यंत्रानं भूतकाळात जमा केला होता. चाळीस व्याख्यानांत हे दिसलं नाही, कारण दर वेळी प्रणाली मागच्या रांगांसाठी वाक्य ‘नीट’ करून सांगायची आणि यंत्र तिचं ऐकायचं. सवयीनं करायची ती. तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“म्या चार वेळा लिहून पाठवलं होतं,” कुंदाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. “एकाचं उत्तर आलं. खाली तुमचंच नाव होतं. बोलीभाषेचा मुद्दा पुढील आवृत्तीत पाहू, असं लिहिलं होतं.”

प्रणालीला ते वाक्य आठवलं. अशी शंभर उत्तरं तिनं चहा पिता पिता लिहिली होती. सकाळी हेमराजदादा फोनवर काय बोलला असेल, हे तिला आत्ता ऐकू आलं. पुढच्या आवृत्तीची वाट बघत तो झोपला होता, आणि तिनंच त्याला उठवू नका म्हणून सांगितलं होतं.

तिनं स्पीकरला जोडलेला आपला फोन तिथंच, व्यासपीठावर उचलला आणि वैनीला लावला. जोड काढायचं तिला सुचलं नाही. घंटी सगळ्या सभागृहात वाजली.

“झोपले हायेत न,” वैनीचा आवाज स्पीकरमधून आला. “तुमीच त सांगतलं उठवू नोका म्हणून.”

“उठवा त्याला. वहिनी, आत्ता उठवा.”

थोडा वेळ नुसती खुडबुड. मग वैनीचा आवाज बदललेला होता. “बाई, आंग पुरं भिजलं हाय यायचं. थंडगार लागून राहिलं. डावा हात उचलत नाईत.”

कुंदाताई तोवर व्यासपीठावर चढल्या होत्या. अकरा वर्षांची सवय, मोडणार कशी? “बोंदरे सर, तुमची गाडी काढा. हेमराजचं घर तीन किलोमीटर हाय. आणून थेट ग्रामीण रुग्णालयात न्या,” असं सांगून त्यांनी आपल्या फोनवरून रुग्णालयात सिस्टर मेश्रामना गाठलं. सिस्टर तयार होत्या. कपाट मात्र बंद होतं. लाल आल्याशिवाय ते उघडत नाही आणि तोडलं तर आतलं औषध आपोआप बाद होतं, असं त्या म्हणाल्या. डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेलेले.

“त्याले पुन्हा कंठसेवेसंग बोलाले लावा,” कुंदाताई प्रणालीला म्हणाल्या. “तिचा आवाजाचा कान चांगला हाय, त्यानं धोका ओळखलाच असंन. पण शब्दांच्या कानानं सांगतलं का दुखणं गेलं, म्हणून तिनं कापऱ्या आवाजाले थकवा समजलं. शब्द बदलला पायजे.”

प्रणालीनं आपला फोन, वैनीचा फोन आणि कंठसेवा अशी तिन्ही जोडली. कंठसेवेचा गोड आवाज आला, “नमस्कार. काय होतंय, सांगा.”

हेमराज कष्टानं बोलला, “छातीत… दुखून राहिलं जी.”

“तुमचं दुखणं थांबलं हे ऐकून…”

“दादा, ‘दुखतंय’ म्हण,” प्रणाली मध्येच बोलली. “‘दुखतंय’ म्हण फक्त.”

“दुसरा आवाज येत आहे,” यंत्र म्हणालं. “रुग्णानं स्वतः बोलणं आवश्यक आहे. कृपया दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.” आणि फोन कटला.

दोन मिनिटं. वैनीचा फोन अजून चालू होता, म्हणून ती भावाशी बोलू शकत होती. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

“दादा, ऐक. दोन मिनिटांनी वहिनीच्या नाही, तुझ्या फोनवरून तूच लाव. खोलीत कोणी बोलायचं नाही. ते यंत्र विचारेल काय होतंय. तू म्हणायचं, छातीत दुखतंय. म्हणून दाखव.”

“दुख… दुखून…”

“नाही. दुखतंय.”

“जमून नाई राहिलं वं,” तो म्हणाला. “तू बोल न माह्याकडून. तुले येते.”

हे ऐकून तिला रडू कोसळलं. हाच भाऊ तिच्या पदवीदान समारंभाला पुण्याला आला होता. नवा शर्ट, हातात घरच्या चकल्यांची पिशवी. मैत्रिणी येण्याआधी तिनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “दादा, तू जरा कमी बोल हं.” तो दिवसभर नुसता हसत राहिला होता. एवढंच काय, त्यानंतर फोनवरही तिच्याशी तो जपून बोलायचा. आणि आज ती त्याच्या जिभेवर आपले शब्द चढवायला बसली होती, नाहीतर तो जाणार होता.

“नाही रे दादा, मला नाही चालत. तुलाच म्हणावं लागेल.” तिनं डोळे पुसले. “लहान असताना तू मला पाढे म्हणायला लावायचास ना? तसं म्हण माझ्या मागं. दुखतंय.”

“दुख… तंय.”

“दम लागतोय.”

“दम… लागतोय.”

“आता लाव. आणि वहिनी, तुमचा फोन चालू ठेवा, पण तोंडातून शब्द काढू नका.”

पलीकडे अंक दाबल्याचे आवाज आले. कुंदाताईंनी आपल्या फोनवर हात ठेवून सिस्टरना विचारलं, “कपाट?” सिस्टर म्हणाल्या, “बंदच.”

“नमस्कार,” यंत्राचा आवाज दुरून, वैनीच्या फोनमधून, बारीक ऐकू आला. “काय होतंय, सांगा.”

काहीच नाही. नुसता श्वास. एक, दोन, तीन. भागरताबाईंनी देवाचं नाव घेतलं. प्रणालीचे ओठ हलत होते, आवाज न काढता. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या शुद्ध बोलण्याचा राग आला.

“मला,” हेमराज म्हणाला, “छातीत… दुखतंय.” मग थांबला. “दम… लागतोय. मला.”

“आत्ता दुखतंय का?”

“हाव,” तो म्हणाला, आणि प्रणालीनं डोळे मिटले. लगेच त्यानं सुधारलं, “हो. हो. दुखतंय.”

वीस सेकंद गेले. ते किती असतात, हे त्या दिवशी सावरबोडीला कळलं.

“लाल,” यंत्र म्हणालं.

“उघडलं,” सिस्टर मेश्राम त्याच क्षणी कुंदाताईंच्या फोनमधून ओरडल्या. बाहेर बोंदरे सरांची गाडी कधीच गेली होती.

पाच वाजून सतरा मिनिटांनी इंजेक्शन दिलं गेलं. हेमराज वाचला. हृदयाचा थोडा भाग कायमचा दुबळा झाला, सकाळीच दिलं असतं तर झाला नसता, असं जिल्ह्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. प्रणालीला टोचावं म्हणून त्यांनी ते सांगितलं नव्हतं. त्यांना ती कोण हेही ठाऊक नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिच्या साहेबांचा पुण्याहून फोन आला. ते भलतेच खूश होते. “प्रणाली, अगं काय चित्रण आहे! व्यासपीठावरून जीव वाचवला आपल्या यंत्रानं. सुरुवातीचं ते प्रात्यक्षिक तेवढं काप आणि ‘लाल’ म्हणतंय तिथून पाठव. सोमवारी समिती डोळे मिटून सही करेल.”

“सर, त्यानं सकाळी माझ्या भावाला हिरवा दिला होता.”

“ते पुढच्या आवृत्तीत पाहू गं. आत्ता ती बाब काढू नकोस.”

आपलंच वाक्य आपल्याच तोंडावर येऊन आदळलं की कसं वाटतं, ते तिनं अनुभवलं. रात्रीचं जेवण टाळून तिनं चित्रण जसंच्या तसं, एक सेकंदही न कापता, समितीला पाठवलं. सोबत कुंदाताईंची चार पत्रं आणि स्वतःच्या नावाचं ते एका ओळीचं उत्तर. महिन्याभरात या जिल्ह्यात किती जणांनी ‘राहिलं’ म्हटलं आणि किती जणांना हिरवा मिळाला, ती यादीही मागवा, असं खाली लिहिलं. राजीनामा द्यायची वेळ तिच्यावर आलीच नाही. सोमवारी सकाळी तिचा कार्यालयातला प्रवेशच बंद झालेला होता.

समितीनं निर्णय तीन महिने पुढे ढकलला. यादी मागवली. पण टेबल पुन्हा सुरू करायचं की नाही, यावर अजून अभ्यास व्हायचा होता. तोवर जिल्ह्यात फोन यंत्रच उचलणार होतं.

बुधवारी ती हेमराजला भेटायला जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली. तो उशाला टेकून बसला होता. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. तिला पाहून हसला.

“कसा हायेस, दादा?” तिनं विचारलं. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून ती बोली निघाली. जीभ अडखळली, पण निघाली.

“आता बरं वाटतंय,” हेमराज म्हणाला. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. “छातीत दुखत नाही.”

तिला वाटलं, थट्टा करतोय. तिनं त्याचा हात धरला. “माह्यासंग असा कायले बोलतस रे? आपल्यासारखा बोल न.”

“नाही,” तो म्हणाला. “सवय करतोय.”

वैनी पायथ्याशी बसून संत्र सोलत होती. ती खाली मान घालून म्हणाली, “दिवसभर असेच बोलून राहिले हायेत, बाई. पोराईसंग बी. मले बी शिकवून राहिले. म्हणतेत, पुन्हा झालं त तवा कोणी मंधात बोलाले नसंन.”

प्रणालीला सांगायचं होतं, दादा, चूक तुझी नाही, शिकायचं ते यंत्रानं, तू कशाला? ओठांवर आलं होतं. पण ते यंत्र अजून तसंच होतं. तिनं नुसतं त्याचं पांघरूण सारखं केलं आणि बाजूला तोंड करून डोळे टिपले.

हेमराज खिडकीकडे बघत ओठांतल्या ओठांत घोकत होता. “दुखतंय. दम लागतोय. चक्कर येतेय. घाम सुटतोय.” मग तो तिच्याकडे वळला आणि हळूच विचारलं, “बरोबर आहे ना?”

तिला ‘हो’ म्हणावं लागलं.